परितेवाडीचा क्यूआर कोड आणि गुरुजींच्या बैठका

आजच्या भागात इतिहास आहे, पण किल्ले नाहीत, तह नाहीत, तलवारी तर अजिबात नाहीत. घरात शाळेत जाणारं कुणी भावंड असेल तर त्याचं बालभारतीचं पुस्तक जरा हातात घ्या. त्यात एक क्यूआर कोड छापलेला दिसेल. त्याच्याजवळच बारीक अक्षरांत सहा अक्षरं-आकडे असतात. आपण रोज चहावाल्याला पैसे देताना जो चौकोन स्कॅन करतो, त्याचाच हा शाळकरी भाऊ.

हा चौकोन 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत जन्मला, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला. कंपनीने पेटंटचा हट्ट धरला नाही, म्हणून तो जगभर फुकटात पसरला. पण जपानच्या कारखान्यातून तो सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत कसा आला, आणि तिथून अख्ख्या राज्याच्या पुस्तकांत कसा गेला? गोष्ट सांगताना आपण एका गुरुजींचं नाव घेतो आणि थांबतो. मला त्या गुरुजींइतकंच त्यांच्या आजूबाजूचं काहीतरी महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे शिक्षकांनी एकमेकांना भेटणं. बैठका, परिषदा, संमेलनं. ऐकायला कंटाळवाणं आहे, माहीत आहे. पाच मिनिटं द्या.

सुरुवात सोलापूरच्या शेजारून करू. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, असं एक वर्ष भारताने अमेरिकेचा एटीएस-6 नावाचा उपग्रह उसना घेतला होता. प्रयोगाचं नाव साइट. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत थेट उपग्रहावरून टीव्ही. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, पण कर्नाटकातली खेडी होती, आणि ती होती विजापूर, गुलबर्गा, रायचूर ह्या भागातली. म्हणजे अक्कलकोटच्या पलीकडे, सीमा ओलांडली की लगेच. ह्या प्रयोगाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. टीव्ही फक्त मुलांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी नव्हता, तो शिक्षकांसाठीही होता. प्राथमिक शाळेत विज्ञान कसं शिकवायचं, ह्याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण टीव्ही, रेडिओ आणि हाताने करायच्या प्रयोगांतून जवळपास 50 हजार शिक्षकांना दिलं गेलं. विचार करा, 1975! गावात वीज असणं हीच बातमी होती तेव्हा. वर्ष संपलं, उपग्रह परत गेला.

मग 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी आली. दूरदर्शनवर मराठीतून शाळेचे कार्यक्रम. आपल्या आधीच्या पिढीला ते नीट आठवतात. 2017 मध्ये ती संस्था बंद झाली. कार्यक्रम चांगले होते, पण त्यात एक अडचण होती. शिक्षकाने टीव्ही लावायचा आणि बाजूला उभं राहायचं. त्याला स्वतःला काही सुचलं, वर्गात काही जमलं, तर ते सांगायला परतीची वाट नव्हती.

2001 नंतर एमकेसीएल आणि एमएस-सीआयटी. हे तर घराघरांत पोहोचलं. सरकारी नोकरांना, त्यात शिक्षकांनाही, ही परीक्षा सक्तीची झाली. ठरल्या मुदतीत पास झाला नाहीत तर वेतनवाढीवर टाच. पन्नाशीतल्या बाई माऊस पकडायला शिकल्या, ही ह्या सक्तीची चांगली बाजू. पण फाईल सेव्ह करता येणं आणि तिसरीच्या वर्गात त्या कॉम्प्युटरचं काय करायचं हे कळणं, ह्यात परितेवाडी ते पुणे एवढं अंतर आहे.

आता ह्याच काळातली एक छोटी, बिनचमकदार गोष्ट. जिल्हा परिषद शाळांची रचना बघा. सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके. तालुक्यात बीट, बीटमध्ये केंद्र. एका केंद्रात साधारण दहा-बारा शाळा, त्यावर केंद्रप्रमुख. ह्या केंद्राची दर महिन्याला बैठक होते, तिला शिक्षण परिषद म्हणतात. नाव ऐकून दिल्लीतलं विज्ञान भवन डोळ्यांपुढे येतं, पण ती भरते एखाद्या शाळेच्या वर्गात. सतरंजी, चहा, पोहे, फळ्यावर तारीख. अर्धा वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो. शालेय पोषण आहाराची माहिती भरली का, आधार नोंदणी झाली का, अमुक फॉर्म उद्या दुपारपर्यंत पाठवा. उरलेल्या वेळात एखादे गुरुजी आदर्श पाठ घेतात, कुणी नवीन साहित्य दाखवतं. त्या उरलेल्या वेळावर माझा सगळा जीव आहे.

कारण मोठं प्रशिक्षण वरून खाली झिरपत यायचं. राज्यावर काही जण शिकणार, ते जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. लहानपणी कानगोष्टी खेळलोय ना आपण? तेच. पुण्यात निघालेला "कृतीतून गणित" करमाळ्याला पोहोचेपर्यंत नुसता "गणित" उरायचा. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकच आणि बाकी सगळे फक्त डाऊनलोड करणारे.

हे चित्र 2015 पासून थोडं पालटलं. 22 जून 2015 ला "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र"चा शासन निर्णय निघाला. त्यातली एक ओळ मला फार आवडते, मतितार्थ असा की सरसकट सक्तीची प्रशिक्षणं नकोत, शिक्षक मागतील ती द्यायची. शिवाय चांगलं चाललेल्या शाळा जाऊन बघायच्या. साताऱ्याच्या कुमठे बीटला ज्ञानरचनावादी वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला लोक गेले. परत येऊन गावात लोकवर्गणी काढली, प्रोजेक्टर घेतला, भिंती रंगवल्या. "डिजिटल शाळा" अशा पाट्या लागल्या. ह्यातल्या काही पाट्या खऱ्या होत्या आणि काही फक्त पाट्या होत्या, हेही सांगायला हवं. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली आणि स्मार्ट बोर्डावर धूळ बसली, ह्या बातम्या त्याच वर्षांतल्या.

त्याच वेळी स्वस्त स्मार्टफोन आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं. आपण गुड मॉर्निंगचे फोटो फॉरवर्ड करत होतो तेव्हा गुरुजी मंडळी पीडीएफ, चाचण्या, स्वतः बनवलेले व्हिडिओ फिरवत होती. राज्यभरच्या शिक्षकांचे ग्रुप झाले, आणि गंमत अशी की ग्रुपवर भेटलेले लोक मग प्रत्यक्ष भेटायला लागले. कृतिशील शिक्षक महाराष्ट्र ह्या नावाने जमलेल्या मंडळींनी आपली संमेलनं सुरू केली. सोलापुरात तर शिक्षकांचीच संस्था उभी राहिली, स्टेट इनोव्हेशन अँड रिसर्च फाउंडेशन, सगळे तिला सर फाउंडेशन म्हणतात. राज्यातल्या शिक्षकांना बोलावून, तू वर्गात काय नवीन केलंस ते दहा जणांना सांग, अशी परिषद ही मंडळी भरवतात. आपल्या सोलापूरला चादर आणि शेंगाचटणीपलीकडे ओळख नाही म्हणणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा.

सरकारनेही "शिक्षणाची वारी" काढली. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे वारी ह्या शब्दाला आपण जरा हक्काने हसू शकतो. पण नाव चपखल होतं. वेगवेगळ्या विभागांत मोठे मंडप, स्टॉलवर उभा आहे तो शिक्षकच, आणि बघायला आलेलाही शिक्षकच. तज्ज्ञांचं भाषण ऐकताना माणूस मान डोलावतो आणि विसरतो. स्टॉलवरच्या बाईंना मात्र तो विचारतो, "ओ मॅडम, ह्याला खर्च किती आला? मोबाईलला रेंज नसेल तर चालतं का? हेडमास्तर काही बोलले नाहीत?" हे तीन प्रश्न कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतात. मी आमच्या आयटीतल्या कॉन्फरन्सना जातो तेव्हाही खरं शिक्षण स्टेजवर होत नाही, जेवणाच्या रांगेत होतं.

आता या परितेवाडीला. रणजितसिंह डिसले मूळचे बार्शीचे. इंजिनीअरिंग अर्धवट सोडलं आणि वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षक व्हायला गेले. (मी इंजिनीअरिंग पूर्ण केलं. पुढे बोलत नाही.) 2009 मध्ये ते परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती आणि शेजारी गुरांचा गोठा. सुरुवात लॅपटॉपवर गाणी-व्हिडिओ दाखवण्यापासून झाली. मग क्यूआर कोड. पुस्तकातल्या कवितेवर कोड चिकटवायचा, पालकाच्या मोबाईलवर स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ लागतो. घरी कुणी शिकवणारं नसलं तरी मूल एकटं पडत नाही.

इथे एक मिनिट तांत्रिक गप्पा. क्यूआर कोडमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय आत बांधलेली असते. सर्वात वरच्या पातळीला जवळपास 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. कारखान्यातल्या तेलकट हातांसाठी केलेली ही सोय, दप्तरात डब्यातलं कालवण सांडलेल्या पुस्तकालाही चालते! दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. कागदावर छापलेलं बदलता येत नाही, पण कोड ज्या पत्त्यावर नेतो तिथलं साहित्य बदलता येतं. आज पुस्तकातल्या कोडजवळची ती सहा अक्षरं म्हणजे दीक्षा ह्या सरकारी प्लॅटफॉर्मवरचा पत्ता. कॅमेरा फुटलेला असेल तर ती टाईप केली तरी चालतं. पुस्तक पाच वर्षं तेच राहील, व्हिडिओ मात्र दरवर्षी सुधारता येईल. आणि तो सुधारायला शिक्षक लागतो.

डिसले गुरुजींनी प्रस्ताव दिला, पथदर्शी प्रयोग झाला, आणि 2017 मध्ये राज्याने सर्व इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला देशपातळीवर दीक्षा सुरू झालं. पुढच्या वर्षी एनसीईआरटीनेही हीच वाट धरली. छापायचा निर्णय एका सहीने होतो. पण हे स्कॅन करून वर्गात वापरायचं कसं, हे हजारो शिक्षकांपर्यंत परिपत्रकाने पोहोचत नाही. ते पोहोचलं त्या सतरंजीवरच्या परिषदांतून, ग्रुपमधून, वारीच्या मंडपातून. आधी तीन-चार वर्षं जमीन भिजलेली होती, म्हणून हे पीक आलं, असं माझं मत.

3 डिसेंबर 2020. वार्की फाउंडेशनचा ग्लोबल टीचर प्राइज, युनेस्कोच्या सहकार्याने दिला जाणारा, दहा लाख डॉलरचा. 140 हून जास्त देशांतून 12 हजारांवर नामांकनं, आणि नाव पुकारलं गेलं परितेवाडीच्या गुरुजींचं. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. गुरुजींनी लगेच सांगितलं की अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटणार. प्रत्येकाला सुमारे 55 हजार डॉलर. लोकांनी ह्याला दिलदारपणा म्हटलं, आणि तो आहेच. पण केंद्राच्या परिषदेतल्या माणसाला ती सवय ओळखीची वाटेल. आपलं साहित्य पेनड्राइव्हवर दुसऱ्याला देऊन टाकायचं, त्याचंच हे मोठं रूप.

आणि मग वर्षभरानंतरची गोष्ट. डिसले यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली, अमेरिकेत शिकायला जायचं होतं, त्यासाठी त्यांनी रजा मागितली. जानेवारी 2022 मध्ये त्यावरून सोलापूर जिल्हा परिषदेत वाद झाला. त्यांच्या शाळेतल्या हजेरीवर प्रश्न उभे राहिले, गुरुजी गेले तर शाळेचं काय, असंही विचारलं गेलं. शेवटी तेव्हाच्या शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातलं आणि रजा मंजूर करायला सांगितलं. कोण बरोबर, कोण चूक ह्याचा निवाडा मी इथे करत नाही, सोशल मीडियावर तो भरपूर झालाय. मला त्यातला प्रश्न खरा वाटतो. दोनशिक्षकी शाळेतून एक शिक्षक परिषदेला गेला तर त्या दिवशी चार वर्ग एकाच्या अंगावर पडतात. शिक्षकाने शिकत राहावं असं सगळ्यांना वाटतं. पण त्या दिवसाची, त्या महिन्याची, त्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसाची तरतूद कुठल्याच योजनेत नीट दिसत नाही. जगात पहिला आलेल्या माणसाच्या रजेसाठी मंत्र्यांना मध्ये पडावं लागलं, तर सांगोल्याच्या एखाद्या वस्तीशाळेवरच्या बाई अर्ज तरी कशाला करतील?

कोरोनात शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाईलवर गेलं. आणि नकळत प्रशिक्षणही तिथेच गेलं. केंद्राचं निष्ठा प्रशिक्षण 2019 मध्ये समोरासमोर सुरू झालं होतं, 2020 च्या ऑक्टोबरपासून ते दीक्षावर ऑनलाईन झालं. लिंक उघडा, व्हिडिओ बघा, प्रश्नांची उत्तरं द्या, प्रमाणपत्र डाऊनलोड करा. प्रवासखर्च वाचतो, वर्ग रिकामा पडत नाही, सगळं खरं. पण एका टॅबमध्ये व्हिडिओ चालू ठेवून दुसरीकडे माहिती भरणारे गुरुजी तुम्हाला कुठल्याही गावात सापडतील. आपणही ऑफिसच्या सक्तीच्या कोर्सचं हेच करतो, तेव्हा हसू नका. पुन्हा तेच झालं बघा, सर्व्हर एक आणि बाकी सगळे डाऊनलोडवाले. 1975 च्या टीव्हीसमोर निदान शिक्षक एकत्र बसायचे.

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कन्नड माध्यमाच्या शाळा, शहरातल्या उर्दू आणि तेलुगू शाळा, ह्यांच्यासाठी तर भेटणं आणखी गरजेचं. मराठीत व्हिडिओंचा ढीग आहे, त्यांना मात्र बरंचसं साहित्य स्वतःच तयार करावं लागतं, आणि कुणी काय केलंय हे कळायला जागा म्हणजे तीच महिन्याची परिषद. ती भरवणाऱ्या केंद्रप्रमुखांची अनेक पदं राज्यात वर्षानुवर्षं रिकामी राहिली. मग एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा कारभार येतो, परिपत्रकं वाचण्यातच दुपार सरते, आणि आदर्श पाठ पुढच्या महिन्यावर जातो.