आठ तोळे गहू, आठ तोळे बदाम

मार्गशीर्ष-पौषात वऱ्हाडातल्या कोणत्याही घरी जेवायला बसावे, ताटात भाकरीच्या शेजारी घोळणा असायचाच. कोवळी मेथी, हरभऱ्याची किंवा करडईची पाने, पातीचा कांदा, हे सारे बारीक चिरायचे. त्यात मीठ, तिखट, दाण्याचे कूट आणि वरून कच्चे तेल. चुलीशी या पदार्थाचा संबंध नाही. याच दिवसांत शेतावर गेलेला माणूस हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा सोलून खातच हिंडतो. तालमीतली पोरे रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी जोर-बैठका झाल्यावर कच्चेच चावतात. तेव्हा कच्चे खाणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. नवल सुरू होते ते कोणी घोळणा भाकरीच्या शेजारी नको, भाकरीच्या जागी हवा असे म्हणू लागला की.

आमच्या घरी तसे म्हणणारे आम्हीच होतो. घरात दोघेही नोकरी करणारे, राहणे अमरावतीला, एकाची नोकरी अकोल्याला. बडनेऱ्याहून सकाळची गाडी गाठायची, त्याआधी मुलांचे डबे. दिवसातून एकदाच गॅस पेटवायचा, बाकी मोडाची धान्ये, पाने, फळे, कंदमुळे यांवर भागवायचे, असा बेत एका दिवाळीनंतर ठरला. घरातल्या आजींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, ‘कच्चं ढोरं खातेत. आपल्याले देवानं चूल देल्ली हाये.’ त्या स्वतः मात्र घोळणा आवडीने खात होत्या. बेत होळीपर्यंत टिकला. त्या काळात आम्हाला जे दिसले ते पुढे ओघाने येईलच. पण आपण करतो आहोत तो प्रयोग याआधी कोणी नीट नोंदी ठेवून केला आहे का, हे शोधताना जी माहिती हाती लागली ती आमच्या अनुभवापेक्षा कितीतरी मोलाची होती.

असा प्रयोग गांधीजींनी केला होता, आणि एकदा नव्हे. पहिल्यांदा १८९३ साली प्रिटोरियात. लंडनच्या शाकाहारी मंडळींत त्या वेळी ‘प्राणदायी अन्ना’ची एक कल्पना निघाली होती, अग्नीचा स्पर्श झाला की अन्नातली जीवनशक्ती जाते, असे ती सांगे. तरुण बॅरिस्टरने भिजवलेले गहू, मनुका, वाटाणे, फळे यांवर राहून पाहिले. पंधरवडाही पुरा झाला नाही. दात दुखू लागले, भूक भागेना. हा अयशस्वी प्रयोग त्यांनी १८९४ साली लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रात छापायला दिला. फसलेल्या प्रयोगाचा अहवाल छापायला देणे आजच्या संशोधकांनाही जड जाते, हे येथे नमूद करायला हवे.

दुसरा प्रयोग १९२९चा. त्या वर्षी आंध्रच्या दौऱ्यात राजमहेंद्री येथे निसर्गोपचार करणारे सुंदरम् गोपाळराव त्यांना भेटले, आणि मे महिन्यात गांधीजींनी पुन्हा न शिजवलेल्या अन्नाला सुरुवात केली. (दोनच वर्षे आधी ते अकोल्याचे व्याही झाले होते. त्यांचे चिरंजीव मणिलाल आणि अकोल्याच्या मश्रूवाला घराण्यातील सुशीला यांचा विवाह ६ मार्च १९२७ रोजी अकोल्यातच झाला.) १३ जून १९२९च्या ‘यंग इंडिया’त त्यांनी आपल्या आहाराचे माप दिले. आठ तोळे मोड आलेले गहू, आठ तोळे बदामाचा लगदा, आठ तोळे कुटलेली हिरवी पाने, सहा लिंबे आणि दोन औंस मध. आठवड्यातून दोन-तीन वेळा गव्हाऐवजी मोडाचे हरभरे, आणि त्या दिवशी बदामाऐवजी नारळाचे दूध. दोन जेवणे, एक सकाळी अकराला, दुसरे संध्याकाळी सव्वासहाला. धान्य चोवीस तास भिजवायचे आणि रात्रभर ओल्या खादीत बांधून ठेवायचे, म्हणजे छत्तीस तासांत मोड येतात, हेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

या प्रयोगामागची कारणे पाहण्यासारखी आहेत. एक कारण दुधाचे होते. १९१२ साली त्यांनी दूध सोडले होते. १९१८च्या मोठ्या आजारानंतर शेळीचे दूध घ्यावे लागले, आणि ती तडजोड त्यांना सतत टोचत राहिली. दुधाची जागा घेईल असे काही वनस्पतींत सापडेल का, हा त्यांचा शोध होता आणि त्यासाठी ते डॉक्टरांची मदत मागत होते. दुसरे कारण आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. हा प्रयोग साधला तर बायकांची स्वयंपाकघरातल्या कष्टांतून सुटका होईल, असे त्यांनी त्याच लेखात मांडले. म्हणजे प्रश्न केवळ पोटाचा नव्हता, चुलीसमोर कोण बसते याचाही होता.

वऱ्हाडात ही चूल म्हणजे पऱ्हाट्यांची चूल. कापूस वेचून झाला की उरलेल्या वाळक्या झाडांचे भारे रचून ठेवायचे आणि वर्षभर तेच जाळायचे. जळण भुरूभुरू पेटते, लवकर संपते, धूर फार. समोर बसून सारखे सारावे लागते. गावोगावी गॅस पोहोचला तरी सिलिंडर संपल्यावर पऱ्हाट्याच आठवतात. (बोंडअळीमुळे आता कृषिशास्त्रज्ञ सांगतात की या पऱ्हाट्या रचून ठेवू नका, अळी त्यांत दबा धरून बसते, पण जळणाला दुसरे काय, याचे उत्तर त्या सल्ल्यात नसते.) अशा घरातल्या बाईला ‘चूल बंद’ हे शब्द कसे वाटत असतील याची कल्पना करता येते.

१९२९च्या प्रयोगात आश्रमातले अनेक जण सामील झाले. ऑगस्टमध्ये गांधीजींना आमांशाने गाठले, प्रयोग थांबला आणि ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. वाचकांपासून त्यांनी यातले काही लपवले नाही.

आता ते माप आपण तराजूत घालून पाहू. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आठ तोळे म्हणजे सुमारे ९३ ग्रॅम. ९३ ग्रॅम गव्हातून तीनशेच्या आसपास किलोकॅलरी मिळतील, तेवढ्याच बदामातून साडेपाचशे-सहाशे, दोन औंस मधातून एकशे ऐंशी, पाने आणि लिंबे मिळून ऐंशी-नव्वद. बेरीज साडेअकराशे ते बाराशे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे बैठे काम करणाऱ्या स्त्रीला १६६०, मध्यम श्रम करणारीला २१३० आणि निंदण-वेचणीसारखे कष्टाचे काम करणारीला २७२० किलोकॅलरी लागतात. म्हणजे ज्या बाईची सुटका करायची, तिचे या आहारात अर्धेही भागत नाही. शिवाय निम्मी ऊर्जा एकट्या बदामाची. आमच्या घरातल्या पाच माणसांना या मापाने बदाम द्यायचे तर आजच्या भावाने रोज साडेतीनशे-चारशे रुपये नुसत्या बदामांचे होतात.

माप वाढवले तर? इथे स्टार्चचे रसायन आडवे येते. धान्यातले स्टार्च घट्ट कणांत बांधलेले असते. पाण्यासह साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला तापवले की हे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची रचना मोडते आणि मगच आपल्या लाळेतली व स्वादुपिंडातली विकरे त्यांवर झपाट्याने काम करतात. कच्च्या कणांवर ती कशीबशी चालतात. न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. मोड आणल्याने फरक पडतो, नाही असे नाही. अंकुराची स्वतःची विकरे थोडे स्टार्च तोडून ठेवतात, लोहाला अडवून धरणारे फायटेट कमी होते, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. पण दाणा दाणाच राहतो. आमच्या मुलीने दुसऱ्या आठवड्यात तक्रार केली, डबा पूर्ण खाऊनही पुढच्या तासाला भूक लागते. तिची तक्रार बरोबर होती. शिजवणे म्हणजे पचनाचे पहिले काम पोटाबाहेर, पातेल्यात उरकून घेणे होय. रिचर्ड रँगम या मानवशास्त्रज्ञाने २००९च्या आपल्या पुस्तकात असे प्रतिपादन केले की माणसाचे लहान दात, आखूड आतडे आणि मोठा मेंदू ही याच पातेल्याची देणगी आहे. त्याच्या कालगणनेवर वाद आहेत. मूळ हिशेबावर फारसे नाहीत.

दीर्घकाळ कच्चे खाणाऱ्यांचे काय होते याची सर्वांत चांगली पाहणी जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठात झाली आणि १९९९ साली प्रसिद्ध झाली. पाचशेहून अधिक स्त्री-पुरुष, सारे स्वखुशीने कच्चे खाणारे, पैशाअडक्याची चणचण नसलेले. त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांचे वजन असावे त्यापेक्षा कमी होते आणि ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. शरीर उपासमारीचा हिशेब असा मांडते. २००५च्या पुढच्या अभ्यासात ३८ टक्क्यांना ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत, जिवाणू बनवतात. ते आपल्याला दूध, अंडी, मांस यांतून मिळते. ते वेगळे काढले गेले १९४८ साली. वनस्पतींत दुधाची जागा शोधणाऱ्या गांधीजींना १९२९ साली कोणताही डॉक्टर हे सांगू शकत नव्हता. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी आइकमान आणि हॉपकिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेच मुळी त्या वर्षी. लिंबातले क जीवनसत्त्व निश्चित ओळखायलाही १९३२ उजाडले.

तिसरा प्रसंग आमच्या अगदी शेजारचा आहे, वर्ध्याचा. फेब्रुवारी १९३५च्या ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिले की पाच महिने ते शिजवलेल्या भाज्यांऐवजी कच्ची पाने खात आहेत. मूठभर पानांसाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहावे हे त्यांना पटेना. एके दिवशी आश्रमातले छोटेलालजी गवतात आपोआप उगवलेले एक रोप घेऊन आले. ते लुणी होते, म्हणजे आपला घोळ. ते मानवले. पुढे चाकवत आला, तोही मानवला. इथे गांधीजी वऱ्हाडी घोळण्याच्या फार जवळ आले आहेत. पाने थोडी, फुकटची, उरलेल्या जेवणाला जोड म्हणून. १९२९चे बदाम यात नाहीत.

आणि विज्ञान या धाकट्या प्रयोगाच्या बाजूने आहे. पाने शिजवताना क जीवनसत्त्व आणि फोलेट यांची बरीच नासाडी होते. कच्च्या पानांत ती वाचतात. घोळण्यात लिंबू पिळले तर पानांतले आणि भाकरीतले लोह अधिक शोषले जाते. दाण्याचे कूट आणि तेल नुसत्या चवीसाठी नाही. पानांतले कॅरोटीन स्निग्धाबरोबरच नीट शोषले जाते. उलट बाजूही सांगायला हवी. घोळ आणि चाकवत या दोन्हींत ऑक्झॅलेट भरपूर असते, मुतखड्याची तक्रार असणाऱ्याने ती उकडून, पाणी टाकूनच खावीत.

धुण्याचा प्रश्न याहून मोठा. २०११ साली जर्मनीत मोडाच्या मेथीतून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूंनी जवळजवळ चार हजार माणसे आजारी पडली आणि पन्नासहून अधिक दगावली. मोड येण्याची ऊब जिवाणूंनाही मानवते. दुसरे, आपला जिल्हा कपाशीचा. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर मेले. त्या फवाऱ्याखालच्या बांधावरचा घोळ किंवा आंबाडी तोडून कच्ची खावी असे आम्ही कोणाला सांगणार नाही.

म्हणून आमच्या घरी रोज संध्याकाळी पाने निवडणे, तीन पाण्यांतून धुणे, निथळणे आणि चिरणे हा कार्यक्रम तासभर चाले. गॅस वाचला, सिलिंडर लांबला, हे खरे. पण सकाळचा वाचलेला वेळ संध्याकाळी मोरीपाशी गेला, आणि तिथे कोण उभे राहायचे यावर पहिल्या महिन्यात घरात दोनदा चांगलेच वाजले. शेवटी वार वाटून भिंतीवर तक्ता लावला. कच्च्या जेवणाचे खूळ होळीला उतरले, कारण तेव्हा पाने संपतात आणि उरलेली कडू होतात. तक्ता मात्र अजून भिंतीवर आहे. आता त्यावर पोळ्यांचेही वार आहेत.

वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. मुगाचे तीन नमुने घ्या: नुसते बारा तास भिजवलेले, छत्तीस तासांत मोड आलेले, आणि मोड आणून दहा मिनिटे उकळलेले. प्रत्येकी दोन चमचे मूग सारखेच पाणी घालून वाटा आणि दुहेरी कापडातून गाळा. वेगळ्या परीक्षानळ्यांत पातळ पेज घेऊन टिंक्चर आयोडीनचा एक-एक थेंब टाका. निळा रंग येईल. आता गाळलेला रस थेंबाथेंबाने टाकून हलवत राहा आणि निळा रंग जाईपर्यंत किती थेंब लागतात ते मोजा. कमी थेंब म्हणजे क जीवनसत्त्व जास्त, असा ढोबळ अर्थ. कारण आयोडीनचा रंग घालवणारी आणखी काही द्रव्येही रसात असतात. ताडून पाहायला एका नळीत लिंबाचा रस वापरा. उरलेल्या स्वच्छ मोडांची उसळ करायला हरकत नाही, आयोडीन लागलेले मात्र टाकून द्यावे.