भाकर आणि भरलेले जीवन

माझ्या आजीला लिहिता येत नव्हते, वाचता मात्र येत होते. तिने आयुष्यभर एकच पुस्तक वाचले, ते म्हणजे बायबल. जन्म नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातला. तिच्या वडिलांनी १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेतला होता. ‘भाकरीसाठी बाटलात’ हा टोमणा मी शाळेत ऐकला, पुढे चळवळीतही ऐकला. त्याचे उत्तर इतिहासालाच विचारले पाहिजे.

अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे त्यांचे केंद्र झाले. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर तिथल्या महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्मे वाढले, हे खरे. भुकेल्याने भाकर घेतली यात लाज कसली? लाज पाणवठा बंद करणाऱ्या गावाला वाटायला हवी. आणि दुष्काळ सरला, धान्यवाटप थांबले, तरी ही माणसे मंडळीत का राहिली? याचे उत्तर भाकरीत सापडत नाही.

आजी म्हणायची, ‘‘देवावर पिरती करायला पाटलाला इचारावं लागत न्हाई, बाबा.’’ पायरीबाहेर उभे राहणाऱ्याला आपले नाव घेऊन हाक मारणारा देव भेटला होता. येशू भरपूर जीवन देण्यास आला, असे योहान सांगतो. आजीच्या लेखी भरपूर म्हणजे ताठ मान.

पण ही प्रीती आमच्या मंडळीच्या उंबऱ्याशी अडखळली. आजीने मांग ख्रिस्ती घरातली सून केली, तेव्हा काही महार ख्रिस्ती वडीलधारे न जेवता उठले. आजी भांडली नाही. पुढच्या रविवारी उपासनेत तिने सुनेला आपल्याशेजारी, सर्वांपुढे बसवले. ती सून माझी आई.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये सोलापूरच्या ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला. त्याच भाषणात त्यांनी चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवले आणि हा समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध लढला नाही, असे बजावले. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात तर मुळावरच घाव आहे : धर्मांतरिताला आपल्या दुःखाचे कारण पापात शोधायला शिकवले, की तो व्यवस्थेशी लढणे सोडतो.

राज्यसंस्थेनेही हात झटकले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. गावाने त्याची जात लक्षात ठेवली, कायद्याने ती विसरली.

म्हणून मी विचारतो, देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती या दोन आज्ञा ख्रिस्ताने एकत्र सांगितल्या असताना आम्ही त्या वेगळ्या का केल्या? पहिली पाळून दुसरी टाळणाऱ्याचे जीवन भरत नाही. आणि आज तो शेजारी कोण, हे चर्चच्या बाकांपासून कचेरीच्या दारापर्यंत आपल्यालाच शोधायचे आहे. माझ्या निरक्षर ठरवल्या गेलेल्या आजीला तो आपल्या घरातच सापडला होता.