सियांगच्या दगडाखालचा प्राणी

फौजेबरोबरच्या जनावरांच्या गोष्टी निघाल्या की घोडा आणि खेचर आठवतात. आजचा प्राणी बोटाएवढा आहे. तो एका लष्करी मोहिमेमुळे जगाला कळला.

मार्च 1911 मध्ये सादियाचा असिस्टंट पोलिटिकल ऑफिसर नोएल विल्यमसन, आजच्या अरुणाचलातल्या कोमसिंग गावी मारला गेला. त्याच हिवाळ्यात इंग्रजांनी मेजर जनरल बॉवर यांच्या हाताखाली फौज धाडली. दप्तरात तिचं नाव 'अबोर एक्सपिडिशन'. अबोर हा बाहेरच्यांचा शब्द; ते लोक स्वतःला आदी म्हणवतात. शिक्षा करायला निघालेल्या या फौजेसोबत कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे स्टॅन्ली केम्प होते. रोटुंगजवळ त्यांनी दगड उलटले आणि खाली हा सापडला.

इंग्रजीत याला वेल्व्हेट वर्म म्हणतात. मखमली अंग, खाली आखूड, मऊ पायांच्या जोड्या. शिकार टप्प्यात आली की तोंडाशेजारून चिकट द्रवाच्या दोन पिचकाऱ्या मारतो. भक्ष्य जागीच जखडतं. आम्ही फौजी याला ॲम्बुश म्हणू! कमजोरी एकच. त्याची श्वासाची छिद्रं मिटत नाहीत, त्यामुळे कोरड्या हवेत अंगातलं पाणी उडून जातं. म्हणून ओल सुटली की जीव गेला.

या जातीला डोळेच नाहीत. म्हणून केम्पनी 1913 मध्ये नाव दिलं टिफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनाय. 'टिफ्लो' म्हणजे आंधळा, आणि पुढे मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव. अधिकाऱ्याची आठवण ठेवली, यात वावगं काही नाही. पण ज्यांच्या डोंगरात हा राहतो, ज्यांच्यावर ही फौज चालून गेली, त्या आदींचा त्या नावात मागमूस नाही. मला ते खटकतं.

भारतातली ही एकमेव ज्ञात जात. केम्पनंतर तिची नोंदच नव्हती. शेवटी 111 वर्षांनी बेंगळुरूच्या एट्री संस्थेच्या संशोधकांना ती सियांग खोऱ्यातच पुन्हा सापडली.

आता त्याच नदीवर सुमारे 11,000 मेगावॅटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. वर तिबेटात चीन धरण बांधतोय, म्हणून इथे धरण हवं, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. आदी गावांचा विरोधही हलका मानत नाही. त्यांची शेतं पाण्याखाली जायची आहेत. पण खोऱ्याचा सर्व्हे म्हणजे नुसता खडक भेदून पाहणं नव्हे. पावसाळ्यात, ओल असताना, जाणकार माणसं पाठवून दगड उलटून पाहायला हवेत. वाघ-हत्ती पाणी चढू लागलं तर निघून तरी जातील. हा प्राणी उन्हातलं एक उघडं रान ओलांडू शकत नाही.