खाटेची सागरयात्रा

पिक-अप ट्रकच्या आठ फुटी हौद्यावर शेज, चूल, मेज आणि कपड्यांचा खण मांडून अमेरिकेत जी फिरती घरे करतात, त्यांच्या अंतर्रचनेचे कूळ सामान्यतः घरात शोधले जाते. माझ्या मते ते जहाजात आहे, आणि या मतावर मी आलो तो एका खाटेवरून.

सुंभाची बाज माळ्यावर टाकून आपण लोखंडी 'कॉट' घरात आणली, तेव्हा ती साहेबाची वस्तू असेच समजलो. परंतु कोश पाहता संस्कृत 'खट्वा'पासून निघालेली आपली खाटच १७ व्या शतकात हिंदुस्थानात वावरणाऱ्या इंग्रजांच्या जिभेवर चढून 'कॉट' झाली होती. झोपडीला इंग्रजीत असलेल्या जुन्या 'कॉट'शी तिचे नाते जोडण्याचा मोह होतो, पण ते केवळ नामसादृश्य. खुद्द खट्वेचे मूळही निर्विवाद नाही: तमिळमध्ये पलंग म्हणजे 'कट्टिल्' आणि बांधणे म्हणजे 'कट्टु', म्हणून संस्कृतने हा शब्द द्राविडांकडून उचलला असे एक मत आहे, आणि मी त्याच पक्षाचा, कारण बाज आवळताना ज्याने पाहिली आहे, त्याला खाट ही सुताराइतकीच गाठीची करणी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. आरमारात तर तिचे पायही गेले: चौकटीला कॅनव्हास बांधून ती तुळईला टांगली, की गलबत कलले तरी निजलेला अंमलदार कलत नसे.

ही आरमारी शिस्त जमिनीवर उतरली, ती माझ्या हिशेबी गॉर्डन स्टेबल्स यांच्या हातून. ब्रिटिश आरमारात शल्यवैद्य राहिलेल्या या गृहस्थांनी १८८५ साली ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून सहलीसाठी 'वाँडरर' ही घोड्यांची गाडी बांधवून घेतली आणि तिला 'लँड यॉट', म्हणजे भूमीवरची नौका, म्हटले. पुढे घोडे गेले, मोटार आली. १९६० साली जॉन स्टाइनबेक जी.एम.सी. ट्रकवर खोली चढवून अमेरिका पाहावयास निघाले, तेव्हा ट्रकला नाव दिले डॉन किहोटेच्या घोड्याचे, 'रोसिनान्ते'. उपमा मात्र त्यांना सुचली छोट्या नावेच्या केबिनची.

प्रतिपक्षाचा दावा आगगाडीचा आहे, आणि तो हलका नाही. समोरासमोरची दोन बाके एकमेकांकडे सरकवून खालची शय्या करावयाची आणि वरची छतातून उतरवावयाची, ही पुलमनच्या डब्यांची युक्ती १८६० च्या दशकातली. मेज खाली उतरवून बाकांची शेज करणारी ट्रकमधली बैठक तिचीच वारस दिसते. बाकांपुरता हा हक्क मी मंजूर करतो. परंतु ज्या 'बर्थ'चे आरक्षण आपण खिडकीशी उभे राहून करतो, तो शब्दही आगगाडीने जहाजाकडूनच घेतला. शिवाय बैठकीखालची पेटी, फडताळाची उभी कड आणि खणाचा खटका ही तजवीज रुळांवरून सरळ धावणाऱ्या डब्यापेक्षा चहूबाजूंनी हिंदकळणाऱ्या गलबताला अधिक शोभते.

पाणिनीच्या व्याकरणात 'खट्वारूढ' हा निंदेचा शब्द आहे, अध्ययन पुरे होण्याआधीच खाटेवर चढणाऱ्या शिष्यासाठी. ट्रकमध्ये तो ताटे उचलण्याआधीच जांभया देणाऱ्याला लावावा लागेल, कारण मेज उतरल्यावाचून तिथे खाटच होत नाही.