वजनकाट्याची बॅटरी आणि आपल्या लग्नांचे फोटो

मंडळी, बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरातला १९७० ते २००० च्या मधला लग्नाचा अल्बम काढा. नवरा-नवरीच्या मागे भिंतीवर एक काळी कडक सावली दिसेल. ती कॅमेऱ्याच्या बाजूला दांड्याने धरलेल्या फ्लॅशची. जुन्या फोटोंचा विषय निघाला की लोक कॅमेऱ्यांची नावं घेतात. मी बॅटऱ्यांबद्दल लिहिते आहे. माझ्या काकांचा कॅमेरा शेवटपर्यंत चालला, धंदा अडला तो बॅटरीपायी.

आपल्या गावात फोटोग्राफी जुनी. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली कलाभवन सुरू झालं. दादासाहेब फाळके तिथेच फोटोग्राफी शिकले आणि पुढे गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ काढला. सिनेमा नंतरचा. त्या काळी उजेड एक तर छताच्या काचेतून यायचा, नाही तर मॅग्नेशियमच्या पुडीतून. ही पूड १८८७ साली जर्मनीत निघाली. भस्सकन जाळ आणि खोलीभर धूर, पण बॅटरी लागत नसे.

बॅटरी आली ती बल्बबरोबर. १९३० च्या आसपास काचेचे फ्लॅशबल्ब निघाले, एका फोटोला एक बल्ब, जळला की फेकायचा. आजोबांकडची बल्बची गन होती तिच्यात साडेबावीस व्होल्टची बोटभर बॅटरी बसायची. दीड व्होल्टचे १५ चिमुकले सेल एकावर एक रचलेले. ती बॅटरी बल्ब थेट पेटवत नसे, आधी कॅपॅसिटर भरायची आणि मग कॅपॅसिटर एका झटक्यात रिकामा व्हायचा. त्यामुळे बॅटरी म्हातारी झाली तरी बल्ब उडायचा. गंमत म्हणजे तीच बॅटरी व्हॉल्व्हच्या जुन्या श्रवणयंत्रांतही चालायची. फोटोवाला आणि कमी ऐकू येणारे आजोबा, दोघांचं गिऱ्हाईकपण एकच.

(होमाई व्यारावाला याच बल्बच्या जमान्यातल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, आयुष्याच्या उत्तरार्धात आपल्या बडोद्यात राहिल्या आणि जानेवारी २०१२ मध्ये इथेच गेल्या. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत होतं, सांगा.)

मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने १९३१ च्या सुमारास त्याची वाट मोकळी केली, आपल्याकडच्या लग्नांत तो यायला बरीच वर्षं गेली. काकांकडे दोन होते. एक मेट्झचा ४५ सीटी-१, दांड्यात सहा पेन्सिल सेल बसणारा. दुसरा त्याहून दणकट, त्याची बॅटरीची पेटी खांद्याला लटकवायची आणि गुंडाळीच्या वायरने दिव्याला जोडायची. पेटीत जेल भरलेली शिशाची बॅटरी, वर ६ व्होल्ट लिहिलेलं. काकांचा जीव या दुसऱ्यावर.

का ते ज्यांनी लग्नं कव्हर केली आहेत त्यांना कळेल. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते, माळा पडतात. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद. पेन्सिल सेल थोडे उतरले की फ्लॅश पुन्हा भरायला तेवढाच वेळ घेतो. म्हणजे अंतरपाट मिळाला तर माळ गेली. शिशाची बॅटरी ताजी असली की सूंऽऽ असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांत दिवा तयार. त्या आवाजावर काका पुढचा फोटो ठरवायचे.

१९९८ च्या दिवाळीनंतर ती बॅटरी गेली. रात्रभर चार्जिंगला लावली तरी सकाळी चार फ्लॅश मारून गप्प. तुळशीचं लग्न झालेलं, लग्नसराई तोंडावर, नऊ ऑर्डरींचे बयाणे घेतलेले, त्यातले अर्धे घराच्या डागडुजीत गेलेले. मुंबईच्या एका विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, बॅटरी येत नाही, नवा फ्लॅश घ्या. नव्याची किंमत ऐकून काकू आत निघून गेल्या. काका म्हणाले, "दिवा चांगला आहे ग. फक्त त्याच्या पोटात काही नाही."

मी तेव्हा पॉलिटेक्निकला होते. पेटी उघडायच्या आधी फ्लॅशमधला कॅपॅसिटर रिकामा करून घेतला. बॅटरी काढली तरी त्यात ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो, हे न विसरलेलं बरं. आतली बॅटरी फुगलेली. शिशाचा एक सेल २ व्होल्टचा, म्हणजे तीन सेल. निकेल-कॅडमियमचे घालायचे तर १.२ व्होल्टचे पाच लागले असते. ते ड्रिल मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतही होते, पण काकांचा चार्जर शिशासाठी बनवलेला. तो ठरावीक व्होल्टेजला, साताच्या आसपास, थांबतो. निकेलच्या सेलना मोजून करंट द्यावा लागतो. बॅटरी बदलली तर चार्जरही बदला, असं ते दुखणं.

उत्तर सापडलं ते खंडेराव मार्केटात. काकू भाजी घेत होत्या, मी बरोबर. भाजीवालीचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा बंद पडला म्हणून मेकॅनिक तिथेच लारीवर तो उघडून बसलेला. आत बॅटरी ६ व्होल्टची, साडेचार अँपिअर-अवरची, शिशाची. हीच इमर्जन्सी लाइटमध्ये येते. मी विचारलं, ही फोटोच्या फ्लॅशला चालेल? त्याने मला वरखाली बघितलं आणि म्हणाला, "बेन, बॅटरीने शुं खबर के कोना पेटमां छे?"

पाऊण किलोच्या आसपास वजन, त्याच्याच काट्यावर केलं. व्होल्टेज तेच, चार्जर तोच, फक्त उंची जास्त, पेटीत मावेना. रावपुऱ्यातल्या एका पिशव्या शिवणाऱ्याकडून जाड रेक्झिनची पिशवी शिवून घेतली, आत फोम. जुन्या पेटीतला फ्यूज आणि सॉकेट काढून तिला लावले. फ्यूज लावाच, शिशाची बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते. पहिल्या लग्नात लोक विचारत होते, यात डबा आणलाय काय?

नऊच्या नऊ लग्नं झाली. पुढे निदान चार फोटोवाले काकांकडे येऊन पिशवी बघून गेले, त्यांत दोघे गुजराती, एक सिंधी. स्पर्धा होतीच, पण बॅटरीच्या बाबतीत कोणी कोणाला नाही म्हणत नसे.

मेट्झचं सोपं होतं, साधे पेन्सिल सेल. तिथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. साधे सहा सेल ९ व्होल्ट देतात, रिचार्जेबल सहा ७.२, तरी रिचार्जेबलवर फ्लॅश लवकर भरतो, कारण त्यांचा आतला रोध कमी आणि करंट जास्त सुटतो. २००५ मध्ये सान्योचे एनेलूप निघाले, महिनोन्‌महिने पडून राहिले तरी न उतरणारे. ज्यांना ते मिळाले त्यांची चिंता मिटली. खुद्द मेट्झ-वेर्के ही कंपनी १९३८ ची, तिने २०१४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तिचे जुने दिवे मात्र पेन्सिल सेलवर चालू आहेत.

काका २०११ साली गेले. दोन्ही फ्लॅश माझ्याकडे आहेत. शिशाची बॅटरी पूर्ण भरूनच ठेवायची आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरायची, उतरलेली ठेवली की ती आतून मरते. मी तारीख लिहून ठेवते. आजोबांच्या गनमध्ये दरवाज्याच्या बेलच्या रिमोटला लागतात त्या १२ व्होल्टच्या दोन छोट्या बॅटऱ्या जोडून बसवल्या आहेत. २४ व्होल्ट होतात, तिच्या कॅपॅसिटरवर ३० लिहिलंय म्हणून चालतं, तुमच्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. बल्ब तीनच उरलेत, म्हणून उडवत नाही.

माळ्यावरचा जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर सरळ चढवू नका. जुन्यांच्या ट्रिगरवर २०० व्होल्टही येतात, कॅमेरा जाईल. आणि बॅटरी हवी असेल तर फोटोच्या दुकानात विचारूच नका. वजनकाटेवाल्याकडे जा, "६ व्होल्ट, साडेचार" एवढं म्हणा, आणि जुनी बरोबर न्या, शिशाचे थोडे पैसे तो वळते करतो.