गाठीचा टंच

आमच्या हुपरीत दागिन्याला 'डाग' म्हणतात. पैंजण असो की करदोटा, डाग घडवण्यातच माझा जन्म गेला. आज्जीच्या मानेवर मात्र निराळे डाग होते. डाव्या कानाखालून गळ्याकडं ओळीनं पाच, कातडी आक्रसलेले. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिला गंडमाळ झाली आणि वैदूनं तापल्या सळीनं चरके दिले. "गाठी गेल्या का मग?" मी विचारायचो. "न्हाई रं. फुटल्या. वरीसभर वाहत हुत्या."

वैदूनं ते मनानं केलं नव्हतं. अपचीला, म्हणजे जुनाट गंडमाळेला, अग्निकर्म करावं असं सुश्रुतसंहिताच सांगते. तिकडं इंग्लंडात राजानं हात लावला की गंडमाळ जाते असं मानत आणि रोग्याच्या गळ्यात नाणं बांधत. १७१२ साली राणी ॲननं लहानग्या सॅम्युएल जॉन्सनला, पुढच्या नामवंत कोशकाराला, असाच हात लावला. गाठी काही गेल्या नाहीत. पुढं राज्य गमावलेल्या स्टुअर्ट घराण्यातल्यांनी या कामासाठी चांदीची नाणी पाडली. चांदीवर एवढा भरवसा कुणी टाकला असेल, हे वाचून मला गलबलून आलं.

१८८२ साली जर्मन डॉक्टर कॉखनं क्षयाचा जंतू दाखवला आणि बहुतेक गंडमाळ म्हणजे मानेतला क्षय, हे पक्कं झालं. आमच्या जवळ, मिरजेत, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना उभारला. पुढं वॉनलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही झालं. पण जंतू मारणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडायला १९४३ उजाडलं. आज्जीचे चरके त्याआधीचे.

तिच्या गोष्टीनंच आमचा घात केला. थोरल्या चुलत्यांच्या मानेत गाठ आली, दगडासारखी, न दुखणारी. तोंडात कायम तंबाखू. "घराण्यातलीच गंडमाळ" म्हणून लेप झाले, एका डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, पाच महिने गेले. शेवटी सुई घालून पेशी तपासल्या. कर्करोग निघाला, मूळ जिभेच्या मुळाशी. उशीर झाला होता.

ही सुईची तपासणी काही कालची नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. हेस मार्टिन यांनी १९३० सालीच ती मांडली होती. बारीक सुई, चिमूटभर पेशी, चिरफाड नाही. आम्ही लगडीचा कण काढून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, पाहतो, तसंच हे. टंच पाहिल्याशिवाय हुपरीत कुणी कारागीर परक्याची चांदी मुशीत टाकत नाही, आणि माणसाची गाठ मात्र आम्ही पाच महिने अंदाजावर सोडली.

क्षयाची गाठ असेल तर आज साधारण सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते, सरकारी दवाखान्यात फुकट. घोट गिळताना वरखाली होणारी गाठ बहुधा थायरॉईडची असते. पण मोठ्या माणसाच्या मानेतली गाठ तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती दुखत नाही म्हणून थांबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना तोंड, घसा आणि मान दाखवा, आणि सुईची तपासणी करायची का, हे स्वतःहून विचारा.