लिबसी ६: नंबर तोच, अडचण नवी

डाउनलोड केलेला प्रोग्राम लिनक्सवर उघडायला जावं, तर तो म्हणतो, अमुक लायब्ररी सापडली नाही. हे दुखणं जुनं आहे. अशा तयार प्रोग्राममध्ये बहुतेक वेळा लायब्ररी नसतेच, फक्त तिचं नाव असतं.

आधी लिबसी ५ होती, मग ग्लिबसी २, म्हणजेच लिबसी ६ आली. रेड हॅटने ती १९९७ च्या शेवटी घेतली, डेबियनने जुलै १९९८ मध्ये. नाव बदललं आणि जुने प्रोग्राम अडले. दोन्ही लायब्ऱ्या शेजारी-शेजारी ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे तेव्हा लिनक्स मासिकासोबतच्या सीडीवर मिळायचं. आता परभणीत एक फाइल कमी पडली, तर आणणार कुठून?

तेव्हापासून आपल्या नेहमीच्या पीसीवर तो ६ हललेला नाही. आता एकेका फंक्शनवरच आवृत्तीचा शिक्का असतो. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या लिनक्सवर सहसा चालतो, उलटं मात्र जमत नाही. उबुंटू २२.०४ वर बनवलेला प्रोग्राम बहुधा ग्लिबसी २.३४ मागतो, आणि २०.०४ वर असते २.३१. (ती फाइल कुठूनतरी आणून डकवू नका, अख्खी सिस्टिम बसेल!)

जुन्या लॅपटॉपवर शिकणारं पोरगं इथंच अडतं. माझ्या मते चूक त्याची नाही. प्रोग्राम बनवणाऱ्यानंच तो जुन्या लिनक्सवर कंपाइल करायला हवा होता.